चिपच्या बातमीत नोड, वेफर आणि ग्राहक यांचा पत्ता हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली तीन-चार वर्षे मराठी वृत्तपत्रांत सेमीकंडक्टर प्रकल्पांच्या बातम्या सातत्याने येत आहेत. त्यांत दोन आकडे हमखास असतात: गुंतवणूक किती कोटींची आणि रोजगार किती हजारांना. प्रकल्प आपल्या राज्यात आला की गेला, यावर मग आठवडाभर वाद चालतो. पण त्या कारखान्यात नेमके काय होणार, तंत्रज्ञान कोणाचे आणि माल कोण घेणार, हे बहुतेक बातम्यांत शोधूनही सापडत नाही. या प्रकल्पांच्या खर्चाचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलते आणि त्यावर राज्य 20 टक्के किंवा अधिक भर घालते. म्हणजे दहा रुपयांतले सात रुपये करदात्यांचे असू शकतात. त्यामुळे हा तपशील वाचकांपर्यंत पोचलाच पाहिजे, असे आम्हाला कळकळीने वाटते.

हा उद्योग एका छपराखाली चालत नाही. 1980 पर्यंत बऱ्याच अंशी चालत असे. इंटेल, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स किंवा जपानच्या एनईसी, तोशिबा या कंपन्या चिपचा आराखडा स्वतः करत आणि स्वतःच्याच कारखान्यात ती घडवत. 1987 मध्ये मॉरिस चांग यांनी तैवानच्या शिंचू येथे टीएसएमसी सुरू केली आणि ही घडी मोडली. भांडवल मुख्यतः तैवान सरकारचे आणि फिलिप्सचे होते. स्वतःची एकही चिप विकायची नाही, फक्त दुसऱ्यांनी आखलेल्या चिप बनवून द्यायच्या, असा हा व्यवसाय होता. आराखडा चोरीला जाईल किंवा हाच कारखानदार उद्या स्पर्धक होईल, ही भीती गेली. त्यामुळे कारखाना नसलेल्या कंपन्यांना मोकळे रान मिळाले. क्वालकॉम, एनव्हिडिया, एएमडी आणि ॲपलचा चिप विभाग हे सगळे आज याच व्यवस्थेवर उभे आहेत.

तेव्हापासून प्रत्येक टप्प्याचे मालक वेगळे झाले आणि बहुतेक टप्प्यांवर मूठभरच उरले. आराखडा करण्याचे सॉफ्टवेअर मुख्यत्वे सिनॉप्सिस, केडन्स आणि सीमेन्स या तिघांकडे आहे. मोबाइलमधल्या प्रोसेसरचा गाभा बहुतेक वेळा ब्रिटनच्या आर्मचा असतो. डीरॅम मेमरी म्हणजे सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. वेफरवर, म्हणजे ज्या सिलिकॉनच्या गोल चकतीवर चिप घडतात तिच्यावर, थर चढवणारी, कोरणारी आणि तपासणारी यंत्रे अमेरिकेच्या अप्लाइड मटेरियल्स, लॅम रिसर्च, केएलए आणि जपानच्या टोकियो इलेक्ट्रॉन यांची. कोरे वेफर पुरवण्यात जपानच्या शिनएत्सू आणि सुमको आघाडीवर आहेत. फोटोरेझिस्ट हे प्रकाशाला संवेदनशील रसायनही प्रामुख्याने जपानी कंपन्यांचेच. जुलै 2019 मध्ये जपानने फोटोरेझिस्ट, हायड्रोजन फ्लोराइड आणि फ्लोरिनयुक्त पॉलिइमाइड या तीनच पदार्थांच्या कोरियाला होणाऱ्या निर्यातीवर निर्बंध घातले. तेवढ्याने सॅमसंगसारख्या बलाढ्य कंपनीच्या तोंडचे पाणी पळाले होते.

टोकाचे उदाहरण नेदरलँड्सच्या एएसएमएलचे. तिच्या ईयूव्ही (अतिनील प्रकाशाने वेफरवर नक्षी उमटवणाऱ्या) यंत्रात वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला सुमारे 50,000 या वेगाने सोडले जातात. प्रत्येक थेंबावर लेझरचा मारा दोनदा होतो. पहिला थेंब चपटा करतो, दुसरा त्याचा प्लाझ्मा करतो आणि त्यातून 13.5 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश मिळतो. हा प्रकाश हवा आणि काच दोन्ही शोषून घेतात, म्हणून सगळे निर्वातात चालते आणि भिंगांच्या जागी जर्मनीच्या झाइसचे आरसे असतात. लेझर जर्मनीच्याच ट्रम्फचा. असे यंत्र एएसएमएलखेरीज जगात कोणीही विकत नाही. मात्र 28 नॅनोमीटर नोडच्या (नोड म्हणजे चिप तंत्रज्ञानाची पिढी; आकडा जितका लहान, तितकी रचना बारीक) चिपला ईयूव्ही लागत नाही. त्या 193 नॅनोमीटरच्या प्रकाशावर, भिंग आणि वेफर यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर ठेवून बनतात. भारतात सध्या उभ्या राहत असलेल्या सर्वांत मोठ्या फॅबचा, म्हणजे चिप घडवणाऱ्या कारखान्याचा, रोख 28 नॅनोमीटरवर आणि त्याहून जाड नोडवर आहे. तेव्हा ईयूव्ही नसल्याची खंतही नको आणि हे यंत्र लवकरच येणार असल्याचा गाजावाजाही नको.

मूठभरच का उरले, याचे उत्तर यील्डमध्ये, म्हणजे बनवलेल्यांपैकी किती चिप चांगल्या निघतात यात, आहे. बातम्यांत हा शब्द जवळजवळ येतच नाही, म्हणून थोडे आकडे मांडतो. 300 मिलिमीटर व्यासाच्या वेफरवर 1 चौरस सेंटिमीटरच्या चिप आखल्या, तर कडेची तुकडेतोड वगळून साधारण 640 बसतात. बनवताना एखादा धूलिकण, एखादा ओरखडा, थराची जाडी कुठे कमी-जास्त, असे दोष राहतातच. दर चौरस सेंटिमीटरला सरासरी 0.1 दोष असेल, तर साध्या गणिताने 90 टक्के, म्हणजे सुमारे 579 चिप चांगल्या निघतात. हाच दर 0.5 झाला की चांगल्या चिप 388 वर येतात. वेफर तेच, वीज, रसायने आणि पगारही तेच, पण विकायला माल एक तृतीयांशाने कमी.

आता चिप 8 चौरस सेंटिमीटरची धरू. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या मोठ्या चिप साधारण याच मापाच्या असतात. वेफरवर त्या 64 च्या आसपास बसतात. दोषांचा दर 0.1 असेल तर 29 हाती लागतात, 0.5 असेल तर जेमतेम एक. म्हणजे जो दर लहान चिपला कसाबसा चालून जातो, त्या दरावर मोठी चिप बनवणे म्हणजे वेफर फेकून देणे. नवी फॅब पहिल्या दिवसापासून अशा चिप का बनवू शकत नाही, ते इथे उलगडते. डिस्प्ले ड्रायव्हर, वीज नियंत्रणाच्या चिप, मायक्रोकंट्रोलर असा लहान आकाराचा आणि जाड नोडचा माल आधी घेण्यात कमीपणा काही नाही. शहाणी फॅब तिथूनच सुरुवात करते.

दोषांचा दर खाली येतो तो वेफर चालवून चालवूनच. प्रत्येक लॉटमध्ये, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या गटात, 25 वेफर. त्यांच्यावर शेकडो प्रक्रिया होतात, प्रगत नोडवर तर हजाराहून अधिक. कोरे वेफर आत गेल्यापासून तयार होऊन बाहेर येईपर्यंत दोन ते तीन महिने लागतात. आज एखाद्या एचिंगच्या (कोरण्याच्या) यंत्रात बदल केला, तर शेवटच्या इलेक्ट्रिकल टेस्टमध्ये त्याचा निकाल कधीकधी आठ-दहा आठवड्यांनी दिसतो. म्हणून मधल्या टप्प्यांवर तपासण्या ठेवतात, पण त्यांतही सगळे सापडत नाही. ज्याच्याकडे महिन्याला लाखभर वेफर फिरतात तो भराभर शिकतो. ज्याच्याकडे पाच हजार, तो रखडतो. रखडला की ग्राहक जातो, ग्राहक गेला की वेफर आणखी कमी होतात. प्रगत नोडच्या शर्यतीतून ग्लोबलफाउंड्रीजने 2018 मध्ये 7 नॅनोमीटरवर माघार घेतली. इंटेलचे 10 नॅनोमीटर वर्षानुवर्षे लांबले. पुढच्या रांगेत तीनच कंपन्या उरल्या आणि त्यांतही टीएसएमसी बरीच पुढे आहे.

शिकलेल्यालाही ठेच लागते. 2019 च्या सुरुवातीला टीएसएमसीच्या एका फॅबमध्ये पुरवठादाराकडून सदोष फोटोरेझिस्ट आले आणि हजारो वेफर बाद करावी लागली. कंपनीने त्या तिमाहीच्या उत्पन्नात सुमारे 55 कोटी डॉलरची घट होईल असे जाहीर केले. त्याच वर्षी 15 जूनला जपानमधल्या योक्काइची येथे 13 मिनिटे वीज गेली. तिथल्या फ्लॅश मेमरी फॅबमध्ये भागीदार असलेल्या वेस्टर्न डिजिटलला सुमारे 6 एक्साबाइट (एक एक्साबाइट म्हणजे 100 कोटी गिगाबाइट) मेमरीवर पाणी सोडावे लागले आणि काम पूर्ववत व्हायला महिनाभर गेला. 13 मिनिटांसाठी महिना का, तर भट्टीत असलेले वेफर अर्धवट राहतात, निर्वात कक्षांचा दाब बिघडतो आणि क्लीनरूमची (धूळमुक्त दालनाची) हवा थांबताच कण खाली बसू लागतात. वीज आल्यावर प्रत्येक यंत्रात आधी चाचणीचे वेफर घालून, मोजमापे जुळवून, मगच खरा माल घालता येतो. राज्य सरकारे फॅबसाठी ‘अखंड वीज’ देऊ म्हणतात. ती दोन स्वतंत्र उपकेंद्रांवरून येणार आहे का, आणि क्षणभर विजेचा दाब कमी झाला तर तो सांभाळायची सोय काय, हे पत्रकारांनी विचारायला हवे.

पाण्याचेही तसेच. वेफर धुण्याच्या पाण्यातले क्षार जवळपास शून्य असावे लागतात, विद्युतरोध 18.2 मेगाओम-सेंटिमीटरपर्यंत. पाणी वापरून पुन्हा शुद्ध करता येते आणि चांगल्या फॅब ते करतातही, पण लागायचे ते लागतेच. 2021 च्या दुष्काळात टीएसएमसीने काही फॅबसाठी टँकरने पाणी आणले होते.

आता भारतातल्या प्रकल्पांकडे येऊ. गुजरातमधल्या साणंदचा मायक्रॉनचा प्रकल्प जून 2023 मध्ये जाहीर झाला, 2.75 अब्ज डॉलरचा. तो पॅकेजिंग आणि टेस्टिंगचा, म्हणजे घडवलेल्या चिप कापून, वेष्टनात बसवून तपासण्याचा आहे. मेमरीचे वेफर बाहेरून येतात. आसामच्या जागीरोडचा टाटांचा 27,000 कोटींचा प्रकल्पही पॅकेजिंगचाच, आणि साणंदचे सीजी पॉवर व केन्स यांचेही. गुजरातच्याच धोलेऱ्याचा टाटा आणि तैवानची पॉवरचिप यांचा 91,000 कोटींचा प्रकल्प मात्र फॅब आहे: महिन्याला 50,000 वेफर, नोड 28 ते 110 नॅनोमीटर. हे सगळे प्रकल्प बातम्यांत एकाच रांगेत, एकाच मथळ्याखाली येतात. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे, पण काम, यंत्रे, जोखीम आणि लागणारी माणसे पूर्ण वेगळी आहेत.

पॅकेजिंग हलके काम आहे, असेही कोणी समजू नये. सुमारे पाऊण मिलिमीटर जाडीचे वेफर मागून घासून अनेकदा 0.1 मिलिमीटरच्या आसपास आणतात. मग हिऱ्याच्या पात्याने वड्या पाडतात, प्रत्येक डाय (सुटी झालेली चिप) चौकटीवर चिकटवतात, केसाहून बारीक सोन्याच्या किंवा तांब्याच्या तारेने जोडतात आणि वरून इपॉक्सी ओततात. घासताना पडलेली सूक्ष्म चीर टेस्टमध्ये पास होते आणि ग्राहकाकडे सहा महिन्यांनी चिप मरते. इपॉक्सी हवेतला ओलावा शोषते. पुढे सर्किट बोर्डावर बसवताना चिप 260 अंशांपर्यंत तापते, त्या ओलाव्याची वाफ होते आणि पॅकेज आतून फाटते. म्हणून माल 125 अंशांवर भाजून, शोषक पुड्या आणि आर्द्रतेचे कार्ड घालून हवाबंद पिशवीत जातो. ओलाव्याला संवेदनशीलतेच्या तिसऱ्या पातळीची चिप पिशवी फोडल्यावर 30 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रतेत 168 तासांच्या आत बोर्डावर बसलीच पाहिजे, नाहीतर पुन्हा भाजायची. कोकणात किंवा आसामात पावसाळ्यात उघड्या खिडकीच्या गोदामात ठेवलेल्या मालाला हे 168 तासही मिळत नाहीत. आपल्याकडच्या लघुउद्योगांनी हे नीट समजून घ्यावे, कारण बोर्ड जुळणीचे पुष्कळ काम पुणे, नवी मुंबई आणि नाशिक परिसरात चालते.

मात्र पॅकेजिंग आले की त्यामागोमाग फॅब आपोआप येते, हा समज मलेशियाकडे पाहून तपासावा. इंटेलने पेनांगमध्ये जुळणीचा कारखाना 1972 मध्ये काढला. आज जगातल्या पॅकेजिंग-टेस्टिंगचा सुमारे 13 टक्के वाटा मलेशियाकडे आहे. हे मोठेच यश, पण पन्नास वर्षांनंतरही मलेशियाची मुख्य ओळख तीच आहे. फॅबची वाट वेगळी असते आणि ती वेगळीच बांधावी लागते. तैवानने ती बांधली: 1973 मध्ये सरकारी संशोधन संस्था इत्री, 1976 मध्ये अमेरिकेच्या आरसीएकडून तंत्रज्ञान घेऊन त्यासाठी तिकडे पाठवलेले अभियंते, 1980 मध्ये शिंचूचे विज्ञान संकुल, आणि मग 1987. मोहालीच्या सरकारी फॅबला 1989 मध्ये आग लागली नसती तर काय झाले असते, यावर आपल्याकडे अजून चर्चा होते. आमच्या मते आगीइतकेच नुकसान पुढच्या तीस वर्षांत सातत्याने पैसा न मिळाल्याने झाले.

धोलेऱ्याच्या फॅबचा एक साधा भागाकार करून पाहावा. महिन्याला 50,000 वेफर, पाच वर्षे, म्हणजे 30 लाख वेफर. फॅबमधल्या यंत्रांचा घसारा साधारण पाच वर्षांत लावतात. सगळेच 91,000 कोटी यंत्रांचे धरले, तर एका वेफरमागे सुमारे 3 लाख रुपये नुसता घसारा येतो. 70 टक्के अनुदान मिळाले असे धरले, तर 91,000 रुपये उरतात. हा हिशेब ढोबळ आहे, कारण इमारतींचा घसारा जास्त काळ चालतो आणि सगळाच खर्च अनुदानात बसत नाही. पण यात फॅब पहिल्या दिवसापासून पूर्ण क्षमतेने चालते असेही गृहीत आहे. ती निम्म्या क्षमतेने चालली की आकडा दुप्पट होतो. टीएसएमसीने 28 नॅनोमीटरचे उत्पादन 2011 मध्ये सुरू केले. तिथल्या पहिल्या यंत्रांचा घसारा केव्हाच संपला. चीनही याच जाड नोडवर झपाट्याने क्षमता वाढवतो आहे. अनुदान का लागते हे यातून दिसते, आणि अनुदानापेक्षाही कायमचे ग्राहक का लागतात, हेही.

शिवाय हा धंदा भरती-ओहोटीचा आहे. जगातली चिपची विक्री 2022 मध्ये सुमारे 574 अब्ज डॉलर होती, 2023 मध्ये ती 527 अब्जांवर आली आणि 2024 मध्ये 627 अब्जांवर गेली. फॅब उभी राहायला दोन-तीन वर्षे लागतात. तेजीत मंजूर झालेली फॅब मंदीत सुरू होण्याची शक्यता नेहमीच असते.

जाड नोडला ‘जुने तंत्रज्ञान’ म्हणून हिणवणेही चूक. 2021 मध्ये गाड्यांचे कारखाने जगभर अडले ते बहुतांशी 40 नॅनोमीटर आणि त्याहून जाड चिपसाठी. 2020 च्या टाळेबंदीत वाहन कंपन्यांनी मागण्या रद्द केल्या, ती क्षमता लॅपटॉप आणि मोबाइलवाल्यांनी घेतली, आणि मागणी परतली तेव्हा रांग लागली. त्यात फेब्रुवारीत टेक्सासच्या थंडीने ऑस्टिनच्या फॅब बंद पडल्या आणि मार्चमध्ये जपानच्या नाका येथे रेनेसासच्या फॅबमध्ये एका प्लेटिंग यंत्राला आग लागली. सप्टेंबरमध्ये महिंद्रासारख्या कंपनीला उत्पादन घटवावे लागले. चाकणच्या सुट्या भागांच्या पुरवठादारांना त्या वर्षीची आठवण करून द्यावी लागणार नाही.

आता महाराष्ट्राला बोचणारा विषय. वेदांता-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला म्हणून सप्टेंबर 2022 मध्ये रान उठले. जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. वेदांताला चिप बनवण्याचा अनुभव नव्हता. फॉक्सकॉनची ख्याती जुळणीची, 28 नॅनोमीटरची फॅब तिने चालवलेली नव्हती. तंत्रज्ञान कोण देणार, हा प्रश्न तेव्हाच पहिल्या पानावर यायला हवा होता. तो आला असता तर दोन्ही राज्यांतल्या वाचकांना प्रकल्प किती पक्का आहे, याचा अंदाज आला असता. धोलेऱ्यात पॉवरचिप हे नाव आहे, हा फरक जमिनीच्या भावाहून कितीतरी मोठा आहे.

सरकारी आकडेवारीनुसार जगातल्या चिप डिझाइन अभियंत्यांपैकी सुमारे 20 टक्के भारतात आहेत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बेंगळुरूत केंद्र काढले ते 1985 मध्ये. पुण्यातही हे काम वर्षानुवर्षे चालू आहे. पण बहुतेक आराखड्यांची मालकी परदेशी कंपन्यांकडे असते. भारतीय फॅबला भारतीय ग्राहक हवे असतील, तर स्वतःच्या नावाची चिप विकणाऱ्या लहान कंपन्या लागतील आणि त्यांची पहिली अडचण मास्कची, म्हणजे वेफरवर आराखडा उमटवण्याच्या साच्यांची, असते. 28 नॅनोमीटरच्या मास्कच्या एका पूर्ण संचाला काही कोटी रुपये पडतात. आराखड्यात एक चूक राहिली तर त्यातले काही मास्क पुन्हा बनवायचे आणि पुन्हा तीन महिने थांबायचे. अनेकांचे आराखडे एकाच वेफरवर घेऊन खर्च वाटून घेण्याची पद्धत जगभर आहे. धोलेऱ्याची फॅब अशा फेऱ्या वर्षातून किती वेळा ठेवणार, हे आत्ताच विचारून ठेवावे.

आपल्या बातमीदारांना विनंती अशी की, पुढच्या प्रत्येक प्रकल्पाच्या बातमीत एवढे तरी यावे: काम डिझाइनचे, फॅबचे की पॅकेजिंगचे; वेफरचा व्यास आणि नोड; महिन्याला किती वेफर किंवा दिवसाला किती चिप; तंत्रज्ञान कोणाच्या परवान्याने; कोणत्या ग्राहकाने लेखी मागणी दिली; वीज आणि पाण्याची सोय; अनुदान कोणत्या टप्प्यावर सुटणार. मंत्र्यांच्या हस्ते पहिली चिप बाहेर आल्याचे छायाचित्र जरूर छापावे, पण त्यासोबत यील्ड किती आहे हे विचारावे आणि कंपनीने सांगितले नाही तर ‘सांगितले नाही’ असे छापावे. गाडीत बसणाऱ्या चिपला एईसी-क्यू 100 ही चाचणी लागते. त्यातल्या एकाच परीक्षेत तीन वेगवेगळ्या लॉटमधल्या प्रत्येकी 77 चिप 1,000 तास तापवून चालवतात आणि एकही निकामी होऊन चालत नाही. त्यानंतर वाहन कंपनीची स्वतःची तपासणी. म्हणून छायाचित्रानंतर वर्षभराने पुन्हा त्याच कारखान्यात बातमीदार पाठवावा आणि त्या महिन्यात किती वेफर विकले गेले, कोणाला, एवढे दोनच प्रश्न विचारावेत.

आपले,
चिप डिझाइन व उत्पादन क्षेत्रातील काही अभियंते, पुणे